लाखभर किलोमीटर धावलेली स्प्लेंडर: आधी निदान, मग खर्च

आपली जुनी हिरो होंडा स्प्लेंडर निळसर धूर सोडू लागली, म्हणून लगेच इंजिन उतरवून बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून कातून घेणे) करून घेण्याची घाई करू नये. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा (व्हॉल्व्हजवळून ऑइल सिलिंडरमध्ये झिरपू न देणाऱ्या रबरी कडीचा) असतो आणि तो तुलनेने कमी खर्चात दूर होतो. मात्र इंजिन तापल्यावरही वेग वाढवताना धूर येतच राहिला, तर पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) व सिलिंडरची झीज तपासून घ्यावी. तोवर ऑइलची पातळी दर आठवड्याला न चुकता पाहावी, कारण अशा इंजिनाचा खरा घात कमी ऑइलवर चालवल्यानेच होतो. टायमिंग चेनची (इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी चेन) खडखडही कानाआड करू नये. मागचे चाक फिरवणारी चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) बदलावेत. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.