आधी कागद, मग दोहा

प्रिय पोरी,

रविवारी तुम्ही दोघं चहा अर्धा टाकून उठलात. कप रात्रीपर्यंत तसेच पडून होते, धुवायला हात होईना. "मावशी, एवढा एक फोन करा" असं तू म्हणालीस आणि माझं "जमणार नाही" जरा जोरातच निघालं. शेजारच्या वहिनींनी खिडकीतनं डोकावून पाहिलं. आवाजाबद्दल माफ कर. नकाराबद्दल माफी मागत नाही, तो अजून तसाच आहे.

मागणं तसं छोटंच होतं. कतारमधल्या दोहातल्या माझ्या जुन्या घरमालकाला सांगायचं की, ही माझ्या मैत्रिणीची मुलगी, हे जावई, नज्मा भागात एखादी खोली बघा. दोन वाक्यं. त्यातला 'जावई' तेवढा खोटा. तू म्हणालीस, "तिथं कोण विचारतंय? वर्ल्ड कपला सगळी जोडपी हॉटेलात राहिलीच की." आणि तुझ्या त्यानं दुबईचा नवा कायदा दाखवायला मोबाईल माझ्यापुढं धरला.

पोरगा हुशार आहे, पण दोहा दुबईत नाही. अमिरातीनं 2020 साली लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्ह्यातनं काढलं, हे खरं. सौदीनं 2019 साली परदेशी पर्यटक जोडप्यांकडं हॉटेलात लग्नाचा दाखला मागणं सोडलं, तेही खरं. आणि 2022 च्या वर्ल्ड कपला कतारनं आलेल्या पाहुण्यांना एका खोलीत राहू दिलं. पण पाहुण्याचं वेगळं असतं. पै-पाहुणा चपला घालून सोफ्यापर्यंत आला तरी तुझी आई हसून पाणी देते. तू येऊन बघ. तू तिथं महिनाभराची पाहुणी म्हणून जाणार नाहीस, राहायला जाणार आहेस. राहणाऱ्याला कतारची 2004 ची दंडसंहिता लागू, आणि तिच्यात लग्नाबाहेरचा संबंध हा गुन्हाच आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

आता पोलीस काही रोज दारं वाजवत हिंडत नाहीत. सतरा वर्षांत माझं दार कुणी वाजवलं नाही. म्हणूनच तुमच्यासारख्यांना वाटतं की चालतंय. चालतं, दोन वर्षं, तीन वर्षं. आणि मग एक दिवस पोटात दुखतं.

मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स करून, इथल्या एका नर्सिंग होममध्ये काही वर्षं राबून मी 1994 ला दोहाला गेले ते 2011 ला परत आले. त्यातली बरीच वर्षं बाळंतिणींच्या ओपीडीत. तिथं पोटुशी बाई काउंटरवर आली की बीपी नंतर बघतात, आधी लग्नाचा दाखला मागतात. दाखला नाही तर फाइल उघडत नाही. पुढं बाळाच्या जन्मदाखल्याला तोच कागद. जन्मदाखला नाही तर बाळाचा पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही तर बाळाला घेऊन विमानात बसता येत नाही. एका कागदाला किती गोष्टी लटकलेल्या असतात ते मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघितलंय. म्हणून म्हणते, आधी कागद.

2003 चा ऑगस्ट. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरावी असा दमट उकाडा. एक मुलगी आली, आपल्याच देशातली. कुठल्या राज्यातली ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. सोबत एक मुलगा. तिला कळा येत होत्या, सलवार भिजलेली. काउंटरवर तो म्हणाला, "वाइफ आहे." दाखला? घरी राहिला. मग घरून आणा. नाही, इंडियात राहिला. मी तिला आत घेतलं, सलाइन लावलं. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "दीदी, शादी नहीं हुई है. लिख दो ना, हो गई है." डॉक्टरीणबाईंनी फॉर्म भरता भरता तेवढा एक रकाना मोकळा सोडला, फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. त्यांनी तो मुद्दाम सोडला होता की घाईत राहिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी 'अविवाहित' लिहिलं.

मूल राहिलं नाही. संध्याकाळी वॉर्डच्या दाराशी पोलिसाची खुर्ची आली. मुलगा दुपारीच नाहीसा झाला होता. दोन दिवसांनी माझी ड्युटी बदलली. परत आले तेव्हा त्या कॉटवर दुसरी बाई होती. कुणी म्हणालं तिला देशात पाठवली, कुणी म्हणालं आधी आत ठेवली मग पाठवली.

तू म्हणशील, मावशी, एक शब्द तर लिहायचा होता. लिहिला असता आणि पुढं तपासणी झाली असती तर? माझं लायसन्स गेलं असतं, व्हिसा गेला असता, माझ्या पगारावर दोन भाच्यांचं इंजिनिअरिंग चाललं होतं ते थांबलं असतं. नर्सनं नोंदीत खोटं लिहायचं नाही, हे मला अठराव्या वर्षी शिकवलंय. मी चुकले नाही. चुकली ती, कागदाशिवाय आली. त्याहून तो, नवरा म्हणवून घ्यायला पुढं आणि थांबायला मागं. बघ, परत तिच्यावरच ढकललं मी. वीस वर्षं उलटली, रात्री झोप लागली नाही की हाच खटला चालतो. वकील मी, जज मीच. प्रत्येक वेळी निर्दोष सुटते आणि दुसऱ्या रात्री परत तारीख लागते.

म्हणून तो फोन मी करणार नाही. ज्या बाईनं त्या दिवशी एक खोटा शब्द लिहिला नाही, तिनं आता घरभाड्यासाठी तो बोलायचा? मग त्या पोरीनं काय पाप केलं होतं?

तुमच्या एकत्र राहण्यालाच माझी हरकत आहे असं मात्र समजू नको. माडीवरची खोली रिकामी आहे. उद्या या, राहा. भाडं नको, सकाळी पाण्याची मोटर तेवढी वेळेवर लावा. गल्ली चार दिवस बोलेल, पाचव्या दिवशी मंडळाची पोरं गणपतीच्या वर्गणीला तुमच्याच दारात उभी राहतील. इथं दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहणं गुन्हा नाही. उलट 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लग्नाविना संसार करणाऱ्या बाईलाही धरून ठेवतो. तिथं असं समज की, देव न करो, ह्यानंच एक दिवस हात उचलला. तू तक्रार द्यायला गेलीस तर पहिला प्रश्न येणार, हा तुझा कोण? काय सांगशील? खरं सांगितलंस तर अडकलीस, खोटं सांगितलंस तर कागद दाखव. भारताची वकिलात वकील गाठून देईल, घरी कळवेल. त्यांचा कायदा बदलणार नाही.

आणि "कागदानं काय प्रेम ठरतं का?" हे तुझं वाक्य रविवारी तू दोनदा बोललीस. नाही ठरत, खुळे. गॅसच्या कार्डानं कुठं भूक ठरते? कार्ड नसलं की सिलिंडर मिळत नाही, एवढंच.

खरं कारण वेगळं आहे आणि ते तुम्ही दोघांनीही तोंडातनं काढलं नाही. तुझे बाबा. त्याची जात. "दोन वर्षं तिकडं स्थिर होतो, मग घरी सांगतो." आपल्याकडच्या पोरी 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात, त्यात एक ऐट असते, रविवारी तूही "मी जातो" म्हणूनच उठलीस. माझ्यासमोरची ती ऐट बाबांसमोर कुठं जाते? शाहू महाराजांनी 1917 ला विधवांच्या पुनर्विवाहाला आणि त्याच सुमारास आंतरजातीय लग्नाला आपल्या कोल्हापूर संस्थानात कायद्यानं मान्यता दिली. शंभर वर्षं होऊन गेली. दसरा चौकात त्यांच्या पुतळ्यासमोरनं तू रोज स्कूटी नेतेस आणि बापाला एक वाक्य सांगायला तुला अडीच हजार किलोमीटरचं अंतर लागतं?

चिडून बोलले. पण मला चिडायचा हक्क आहे, तो कसा ते ऐक.

तू मागं एकदा विचारलंस, मावशी, तुम्ही लग्न का नाही केलं, आणि मी दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध नव्हतंच गॅसवर. तिथं एकजण होता. सांगली जिल्ह्यातला, एसी प्लँटवर टेक्निशियन. शुक्रवारी संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, समुद्राकडं तोंड करून बसायचो, मध्ये दोन फुटांचं अंतर आणि करक चहाचे दोन कागदी कप. तो म्हणायचा, एका बिल्डिंगमध्ये तरी खोली घेऊ. मी म्हणायची, आधी कागद. तो म्हणायचा, मग चल, कागद करू. आणि मी म्हणायची, पुढच्या सुट्टीला दादाला सांगते. सुट्टी आली, मी कोल्हापूरला आले, दादानं स्टेशनवर बॅग उचलली, वहिनीनं पांढरा रस्सा केला, भाच्यांनी चॉकलेटं वाटून घेतली, आणि परत जायचा दिवस आला. अशा तीन सुट्ट्या. चौथ्या वर्षी त्यानं मस्कतला नोकरी धरली. जाताना म्हणाला, "तुझा कागद चांगला आहे, पण कोरा आहे."

कागदाचा हट्ट चुकीचा नव्हता, तो मी आजही सोडत नाही. हट्ट धरून मी बसून राहिले, ते चुकलं. तेव्हा तू मला 'मावशी नियमाला चिकटून बसते' असं म्हणू नको. नियमाला चिकटले असते तर ऑफिसात जाऊन सही करून आले असते. मी दादाच्या तोंडाला घाबरले. तू बाबांच्या तोंडाला घाबरतेस, आणि वर त्याला मोकळ्या विचारांचं नाव देतेस. मी निदान नाव तरी दिलं नव्हतं.

बरं, आता कामाचं. त्याचं जॉइनिंग ऑगस्टचं आहे ना? काल वळीव पडला, म्हणजे मे अजून हातात आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्या. दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस या जिल्ह्यात राहिलेला हवा, ते तर आहातच. नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते, तीस दिवस थांबायचं, मग नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. फळ्यावर लागली की बाबांना कुणीतरी सांगणारच. कोल्हापूर आहे हे, बिंदू चौकात शिंकलीस तर रंकाळ्यावर 'सत्य आहे' म्हणतात. म्हणून नोटीस लागायच्या आदल्या दिवशी तू स्वतः सांग. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. हार घालून, विधी करून महापालिकेत नोंदणी करायचीही वाट आहे, तिथं तीस दिवस थांबावं लागत नाही. पण तुम्ही लपवायला ती वाट धराल, म्हणून मी सुचवत नाही.

दाखला हातात आला की तिथंच, त्याच टेबलावर, इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघ. आपली तीन पदरी नावं, मधलं बापाचं, आणि कारकुनाच्या हातून एक 'ए' जास्त पडला की पुढं महिना जातो. आडनाव बदलायची गरज नाही, बदलू नको. मग मंत्रालयातला गृह विभाग, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, कतारची वकिलात, असे शिक्के. ओमान, बहरीन, सौदीला अपोस्टिलवर, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या एका आंतरराष्ट्रीय शिक्क्यावर भागतं, कतारला वकिलातीचा शिक्का लागतो. एजंट पैसे घेईल, घेऊ दे, पण मूळ दाखला देताना पावती घे आणि रंगीत झेरॉक्स घरी ठेव.

तो ऑगस्टात पुढं जाऊ दे. राहायची सोय करू दे, त्याचा रेसिडेन्सीचा शिक्का होऊ दे. मग तू जा, फॅमिली व्हिसावर. व्हिजिटवर घुसून काम शोधायचा बेत मला मुळीच पटलेला नाही. दोन-तीन महिने लांब राहावं लागेल. राहा. तेवढ्यात आटलं तर इथंच आटलेलं बरं.

घरमालकाचा नंबर माझ्या वहीत आहे. ज्या दिवशी दाखल्याचा फोटो मोबाईलवर पाठवशील त्या दिवशी मी स्वतः फोन करीन, आणि 'जावई' शब्द दोनदा म्हणीन.

लग्नाला साक्षीदार तीन लागतात. एक मी. माझ्या आधार कार्डावर अजून जुना पत्ता आहे, तो या आठवड्यात बदलून घेते. दुसरा त्याचा कुणी मित्र बघा. तिसऱ्या जागी तुझ्या बाबांना विचारून बघ. नाही म्हणतील बहुतेक, तरी विचार. ते नाही म्हणाले तर शेजारच्या वहिनी आहेत. रविवारचं सगळं त्यांनी खिडकीतनं ऐकलंच आहे.

आणि येताना माझा लोणच्याचा स्टीलचा डबा घेऊन ये. यंदाच्या कैऱ्या आणून ठेवल्यात.

तुझी,
मावशी