तांदळाचा आलेख बघताना

अरे, दुकानात तांदूळ किती भरायचा ते तू गूगल ट्रेंड्सवरून, म्हणजे गूगलवर कोणता शब्द किती शोधला जातो त्याच्या आलेखावरून ठरवायला निघालायस, पण तिथले १०० म्हणजे शंभर पोती नव्हेत. एकूण शोधांच्या प्रमाणात तो शब्द ज्या आठवड्यात सर्वाधिक शोधला गेला तो १००, बाकी सगळं त्या मापाने. आणि ० म्हणजे कोणी शोधलंच नाही असंही नाही. शोध फार थोडे, इतकंच. नुसतं 'उकडा तांदूळ' टाकलंस तर आलेख बहुधा ओसाडच दिसेल. इंग्रजी अक्षरांतही टाकून बघ.

पाच वर्षांचा काळ घे, म्हणजे गणपतीआधीची चढण दरवर्षीची की यंदाचीच ते कळेल. पण मोदकाची कृती शोधणारा पिठी विकत घेतोच असं नाही, आमच्याकडे कित्येक घरांत ती घरचीच. शिवाय चाकरमानी जेवणार कुडाळात, शोध पडलेला मुंबईच्या खात्यात!

बातम्यांमुळे आलेली उसळी वेगळी काढ. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. अशा वेळी लोक बातमी शोधतात, पोतं नव्हे.

बाजारातल्या दोन दुकानदारांना आठवड्याला किती कट्टे गेले ते विचार, आलेखाशेजारी मांड. शेवटच्या तुटक रेषेवरून मात्र माल भरू नकोस, तो आठवडा अजून पुरा व्हायचा असतो.