वाचकांचे प्रश्न : तंतुमय आहार आणि यकृताचा कर्करोग

प्रश्न : सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आढळल्यापासून माझी आई बद्धकोष्ठासाठी इन्युलिनची (पाण्यात विरघळणाऱ्या तंतूची) पावडर घेते. तंतुमय पदार्थांमुळे उंदरांना यकृताचा कर्करोग झाल्याचे नुकतेच वाचनात आले. तिची भाकरी आणि पालेभाज्याही बंद कराव्यात का?

उत्तर : भाकरी आणि पालेभाज्या मुळीच बंद करू नका. पावडरीचा विचार मात्र वेगळा करायला हवा.

तुम्ही वाचलेले संशोधन २०१८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातील मतम विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणूंची चाहूल घेणारे ‘टीएलआर ५’ हे प्रथिन नसलेल्या, म्हणजेच आतड्यातील जीवाणूंचा समतोल बिघडलेल्या उंदरांना शुद्ध इन्युलिन मिसळलेले खाद्य दिले, तेव्हा सहा महिन्यांत त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. त्या उंदरांचा रक्तद्रव गाठी दिसण्याच्या बऱ्याच आधी पिवळा पडला होता. पित्ताचा प्रवाह अडला, यकृतातील पेशी मरू लागल्या, त्यातून दाह वाढला आणि पुढे कर्करोग झाला, असा हा क्रम होता. जीवाणूंकडून होणारे इन्युलिनचे किण्वन (आंबवणे) औषधाने रोखले किंवा पित्ताम्ले (पित्तातील आम्ले) आतड्यातच बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन हे औषध दिले, तर कर्करोग टळला. सेल्युलोजसारख्या न विरघळणाऱ्या तंतूंनी तो झालाच नाही. निरोगी जातीच्या उंदरांत मात्र इन्युलिनसोबत भरपूर स्निग्ध आहार दिल्यावर तो आढळला, आणि तुमच्या आईच्या बाबतीत मला हीच बाब अधिक लक्षात घेण्यासारखी वाटते.

सारख्याच खाद्यावर वाढलेल्या उंदरांपैकी काहींनाच हा रोग का झाला, याचा उलगडा याच गटाने २०२२ मध्ये केला. रोग झालेल्या उंदरांत आतड्याकडून येणारे रक्त यकृतात न जाता परस्पर शरीरभर पोहोचवणारी जन्मजात आडवाट होती, त्यामुळे पित्ताम्ले रक्तातच साचत होती.

माणसांबाबतचे चित्र बरेच दिलासा देणारे आहे. अमेरिकेत सुमारे सव्वा लाख परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घकालीन पाहणीत, अख्खी धान्ये अधिक खाणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु ज्वारी-बाजरीच्या भाकरीतील तंतू धान्याच्या कोंड्यात इतर घटकांसह गुंफलेले असतात, तर पावडरीत एकच शुद्ध, झपाट्याने आंबणारा पदार्थ असतो, आणि या दोहोंना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून आईची पावडर तूर्त थांबवा आणि ती चालू होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बिलिरुबिनसह (कावीळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य) यकृताच्या तपासण्या करून घ्या. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे किंवा अंगाला सतत खाज सुटणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच दिवशी दाखवा. बद्धकोष्ठासाठी इसबगोल चालेल का, हेही विचारा. ते पाणी धरून ठेवून काम करते आणि जीवाणूंकडून फारसे आंबवले जात नाही.