ड्रमभोवती नुसतं चालवतात, पळवू देत नाहीत!

प्रश्न: ताई, आम्ही टेक्ससमध्ये फोर्ट वर्थच्या बाजूला राहतो. लेक १३ वर्षांची, रोडिओ (काउबॉय लोकांचे घोड्या-बैलांचे खेळ) बघून आली आणि बॅरल रेसिंगचं, म्हणजे घोड्यावरून तीन ड्रमांना वळसे घालत पळण्याच्या शर्यतीचं वेडच लागलं. क्लास लावून आठ महिने झाले, लीजवर १६ वर्षांची एक घोडी पण घेतलीय, ती आधी बॅरल रेसमध्येच पळायची. पण कोच अजून तीन ड्रमांभोवती नुसतं चालवतात, फार तर ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल. हिची मैत्रीण दुसरीकडे जाते, ती पळवायला पण लागली, तिथले ट्रेनर म्हणतात महिन्याभरात स्पर्धेत उतरवतो. लेक रोज ऐकवते की शार्मेन जेम्स १४ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, मी काय आजी झाल्यावर पळवू का? आम्हा दोघांना घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. क्लास बदलावा का?
– एक आई

उत्तर: अजिबात बदलू नका. असा कोच मिळालाय तर धरून ठेवा.

शार्मेनचं लेक म्हणते ते खरंय, १९८४ ला पहिलं टायटल आणि तिथून १९९३ पर्यंत सलग १०. पण ती न्यू मेक्सिकोत फीडलॉटवर (गुरं खाऊ घालून पोसतात तिथे) घोड्यांतच वाढलेली पोर, आठ महिन्यांच्या क्लासवर नाही जिंकली. आणि लेकीला १९८५ च्या नॅशनल फायनल्सचा किस्सा पण सांगा, तिच्या घोड्याचा, स्कॅम्परचा, लगाम रनच्या सुरुवातीलाच सुटला, तरी त्याने तिन्ही ड्रम बरोबर घेतले आणि तो राउंड ती जिंकली. आता लगामच नाही म्हटल्यावर ती बसली कशाच्या जोरावर? मांडीच्या! उगाच नाही आपल्याकडे मांड पक्की म्हणतात.

आता हे पळणं म्हणजे कसंय बघा. स्टँडर्ड मापात पहिल्या दोन ड्रममध्ये ९० फूट, तिसरा त्या दोघांपासून १०५ फूट, चांगली रन साधारण १७ सेकंदांत संपते. टायमर सेकंदाचा शंभरावा भाग मोजतो आणि ड्रम पडला की ५ सेकंद दंड, म्हणजे खेळ खलास. सरळ रेषेत तर तुमची घोडी आत्ता पण पळेल, त्यासाठी तिला तुमच्या लेकीची गरज नाही. वेळ जातो तो वळणात.

पहिल्या ड्रमपाशी काय होतं ते सांगते. पोरीचं लक्ष ड्रमवर खिळतं, जिकडे डोळे तिकडे खांदे, आणि घाबरून ती आतला लगाम ओढते. घोडीची मान आत येते पण सोबत खांदा पण आत कलतो, आणि पोरीचा गुडघा पत्र्यावर. नाहीतर उलटं होतं, जुनी खेळाडू घोडी ड्रम आला की मागचे पाय पोटाखाली घेऊन स्वतःच बसून वळते आणि वरची पोर मात्र सरळच पुढे जाते, घोडीशिवाय! चालत्या चालीत हीच चूक झाली तर घोडी फक्त ड्रमला घासून जाते, पोर हसते, परत करते. म्हणून चालवतात हो. ड्रमच्या अलीकडेच जिनात खोल बसून वेग कमी करायचा, चार-सहा फूट जागा सोडून आत शिरायचं, नजर ड्रमवर न ठेवता पुढे जायचंय तिथे, बाहेरचा हात जिनाच्या हॉर्नवर, म्हणजे पुढच्या उंच मुठीवर. शिवाय उजवा ड्रम आधी घेतला तर एक वळण उजवं आणि दोन डावी, म्हणजे मध्ये घोडीला आघाडीचा पाय (पळताना वळणाच्या बाजूचा जो पुढे पडतो तो) बदलायला लावायचा. हे आधी सावकाश अंगात मुरलं नाही तर १७ सेकंदांत विचार करायला वेळ कुठून आणणार?

मी स्वतः माथेरानला बसून आपल्याला घोडेस्वारी येते म्हणणाऱ्यांतली, दोर घोडेवाल्या मामांच्या हातात असतो हे सोयीस्कर विसरायचं. इकडे आल्यावर पहिल्या दिवशी कोचबाईंनी वर बसूच दिलं नाही. खरारा कर, खूर साफ कर, जीन चढव, तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) आवळ, आता पाच मिनिटं फिरवून आण आणि परत आवळ. दुसऱ्यांदा आवळला तर चक्क दोन भोकं पुढे गेला, कारण घोडोबा पहिल्यांदा अंग फुगवून उभे होते! तसंच बसले असते तर पहिल्याच वळणाला जिनासकट खाली.

त्या महिन्याभरवाल्या ट्रेनरना एकच विचारा, घोडी उधळली तर पोरीने ती कशी थांबवायची हे कधी शिकवता? लगेच नीट उत्तर आलं नाही तर समजून जा. आणि हेल्मेट, तिथे सगळे काउबॉय हॅट घालून फिरतात म्हणून लेक कुरकुर करेल, करू दे.

तिची हौस पण मारू नका मात्र. बऱ्याच लोकल स्पर्धांत आधी थोडे पैसे भरून एक्झिबिशन रन, म्हणजे स्पर्धेत न धरली जाणारी सरावाची फेरी मिळते, तोच अरेना, तेच ड्रम, आणि ट्रॉटने फिरवलं तरी चालतं. कोचना विचारून एखाद्या शनिवारी न्या, शर्ट-बिर्ट घालून, फोटो काढून. ड्रम पडला तरी तिथे ५ सेकंदांचा हिशोब कोणी ठेवत नाही.