घराला लागून मोठं जुनं झाड आहे, वादळात पडेल अशी भीती वाटते, तोडावं का?

नुसतं मोठं आणि जुनं आहे म्हणून तोडू नका, आधी बुंध्यापाशी जाऊन नीट बघा. झाड वर्षानुवर्षं कललेलंच असेल तर एवढं टेन्शन नाही, पण हल्लीच कलायला लागलं असेल आणि कलाच्या उलट्या बाजूची माती उचलली गेलीय किंवा तिला भेगा पडल्यात तर मात्र थांबू नका, लगेच जाणकाराला बोलवा आणि तोवर झाड ज्या बाजूला कललंय त्या बाजूच्या खोलीत झोपू नका. बुंध्याच्या तळाशी कडक बुरशीचे थर दिसले तर आतून कुजत असल्याची शक्यता जास्त. पोकळ असलं की पडणारच असं काही नसतं हां, बाहेरचं चांगलं लाकूड बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण 30 टक्के तरी जाड असलं की बरीच झाडं टिकतात, फक्त ते मोजायला माणूस लागतो आणि तो शक्यतो तोडायचा कॉन्ट्रॅक्टर नसावा, कारण तो तोडाच म्हणणार ना!

मुळं फाउंडेशन फोडतील ही भीती बऱ्याचदा जास्तच असते. खरा प्रॉब्लेम चिकणमातीत येतो, झाड पाणी ओढतं, माती आकसते, घर खचतं. आणि गंमत म्हणजे अशा जमिनीत झाड एकदम काढलं तर माती परत फुगून भिंतींना तडे जाऊ शकतात, म्हणून आधी इंजिनिअरला विचारा.

बऱ्याचदा वाळलेल्या आणि छपरावर आलेल्या फांद्या काढल्या की भागतं. शेंडा सपाट छाटू नका, तिथून फुटणाऱ्या फांद्या कमकुवत असतात. तोडायचंच ठरलं तर परवानगी लागते का ते आधी बघा.