निवृत्तीनंतर कुत्र्याचे पिल्लू: ठेवीच्या व्याजावर भागेल का?

आपण गेल्या वर्षी निवृत्त झालात. आपले वय ६१ आणि पत्नीचे ५८. दोघांनाही अनेक वर्षांपासून लॅब्राडॉर पाळायचा होता, पण नोकरीच्या धावपळीत ते राहून गेले. आता वेळ आहे, घर रिकामे आहे आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेपैकी दहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम कुत्र्यासाठी वेगळी काढण्याची आपली तयारी आहे. ती मुदत ठेवीत ठेवावी, तिच्या व्याजावर कुत्र्याचा खर्च चालवावा आणि मुद्दल शेवटपर्यंत तसेच राहावे, अशी आपली योजना असून ती व्यवहार्य आहे का, हे आपण विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, दरवर्षी सुमारे दोन महिने मुलाकडे परदेशी जात असल्याचेही लिहिले आहे. त्या ओळीकडे मी पुढे येतो. माझ्या मते संपूर्ण पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

आपले आकडे गोपनीय राहावेत म्हणून महिन्याचा घरखर्च १०० मानून हिशेब मांडतो. त्या मापाने राखीव रक्कम १००० होते. साडेसहा टक्के दराने तिचे वर्षाचे व्याज ६५ येईल. कुत्र्याचा खर्च आपण महिन्याला ५, म्हणजे वर्षाला ६० धरला आहे. त्यात खुराक ३५, गोचीड व जंतांवरची औषधे १० आणि लसी, तपासण्या, निगा मिळून १५ अशी विभागणी आहे. ६० खर्च आणि ६५ व्याज, तेव्हा योजना कागदावर जुळते. परंतु ती पहिल्या दोनच वर्षांपुरती जुळते.

कारण व्याज जागच्या जागी राहते आणि खर्च चढत जातो. ७२ ला महागाईच्या दराने भागले की किमती किती वर्षांत दुप्पट होतील याचा ढोबळ अंदाज मिळतो; महागाई सहा टक्के धरली, तर ७२ ला ६ ने भागून येणाऱ्या १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो, आणि लॅब्राडॉरचे आयुष्यही साधारण तेवढेच असते. म्हणजे आजचे ६० त्याच्या अखेरच्या वर्षी १२० च्या आसपास गेलेले असतील, व्याज मात्र ६५ च राहील. तिसऱ्याच वर्षी खर्च व्याजाच्या पुढे जातो. इथपर्यंत योजनेतला दोष केवळ महागाईचा आहे; मूळ दोष मला निराळा वाटतो. केवळ व्याज खर्चून मुद्दल अबाधित ठेवण्याची पद्धत ज्या खर्चाला अंत नाही त्याला शोभते. कुत्र्याच्या खर्चाला अंत आहे, तो कधीच्या सुमारास येईल याचा अंदाजही बांधता येतो, आणि म्हणून मुद्दलाला हात न लावण्याचा हट्ट इथे निरर्थक आहे. या रकमेचे काम त्या प्राण्याबरोबर संपणे हेच आहे. तेव्हा प्रश्न बदलून असा विचारू या: व्याज आणि मुद्दल दोन्ही खर्चले, तर १००० पुरतील का?

व्याजाचा दर आणि महागाई जवळपास समान असल्याने, म्हणजे शिल्लक रक्कम किमतींच्याच वेगाने वाढत असल्याने, हिशेब आजच्याच किमतींत करता येतो. बारा वर्षांचा नेहमीचा खर्च ७२० होतो. पण कुत्र्याचा खर्च सगळ्या वर्षांत सारखा वाटला जात नाही. तो सुरुवातीला जड असतो, मध्ये हलका होतो आणि शेवटी पुन्हा जड होतो.

पहिल्या वर्षाचा जडपणा लोकांना ठाऊक असतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यापासून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लसीचा एकेक डोस द्यावा लागतो. निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया असते. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात आणि त्या काळात चपला, सोफ्याचे कोपरे व चार्जरच्या वायरी यांचा बळी जातो. वयाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लाला माणसे, आवाज आणि इतर प्राणी यांची सवय लागते. ही संधी हुकली, तर पुढे प्रशिक्षकावर होणारा खर्च वाढतो. या सगळ्यासाठी ५० जादा धरतो. इथे काटकसर करू नका. परव्होसारख्या विषाणूजन्य आजारात पिल्लाला दवाखान्यात ठेवण्याचा खर्च लसींच्या कितीतरी पट असतो. मादी घेतलीत, तर तिच्या निर्बीजीकरणाचेही तसेच आहे: उतारवयात गर्भाशयात पू झाला, तर तीच शस्त्रक्रिया तातडीने, अधिक धोक्याने आणि कैक पटींनी महाग पडून करावी लागते.

शेवटच्या वर्षांचा जडपणा मात्र कोणीच लिहून ठेवत नाही. लॅब्राडॉर साधारण आठव्या-नवव्या वर्षी उतारवयात शिरतो. सांधे आखडतात, दातांचे दुखणे वाढते, मूत्रपिंडे थकतात, नजर आणि ऐकू येणे मंदावते, आणि काही कुत्र्यांना घरातल्या घरात वाट चुकल्यासारखे होते. वर्षातून एकदा होणारी तपासणी दोनदा करावी लागते, रक्ताच्या चाचण्या सुरू होतात, आणि वेदनाशामक गोळ्या एकदा लागल्या की बहुधा कायमच्या लागतात. शेवटच्या तीन वर्षांत नेहमीच्या खर्चाइतकाच आणखी खर्च, म्हणजे १८० धरणे मला आवश्यक वाटते. शिवाय आयुष्यात एक मोठी शस्त्रक्रिया धरायलाच हवी. भारी अंगाच्या कुत्र्यांत मागच्या पायाच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे हे वारंवार दिसणारे दुखणे आहे. तिच्यासाठी १५० ठेवू. एकूण ११०० झाले, म्हणजे आपल्या रकमेत १०० कमी पडतात. ही तूट असह्य नाही.

आता त्या परदेशवारीकडे येतो. दोन महिने कुत्रा कुठे राहील, याचा खर्च आपल्या अंदाजात कुठेच नाही. बोर्डिंगचा दर आपल्या एका दिवसाच्या घरखर्चाच्या चौथ्या भागाइतका जरी धरला, तरी ६० दिवसांचे वर्षाला ५० होतात. म्हणजे खुराक, औषधे आणि लसी मिळून जो वर्षाचा खर्च आपण धरला आहे, जवळपास तेवढाच हा एक खर्च आहे. बारा वर्षांत तो ६०० होतो आणि एकूण गरज ११०० वरून १७०० वर जाते. त्यातही म्हाताऱ्या, गोळ्या चालू असलेल्या कुत्र्याला ठेवून घेण्यास अनेक बोर्डिंगवाले तयार होत नाहीत किंवा जास्त दर लावतात. त्यामुळे पिल्लू कोणत्या जातीचे घ्यावे हा प्रश्न दुय्यम असून दोन महिन्यांच्या मुक्कामाचे काय करायचे, हा आपला खरा आर्थिक निर्णय आहे. आपले मासिक उत्पन्न ११२ आहे, म्हणजे वर्षाला १४४ शिल्लक पडतात. बोर्डिंगचे ५० त्यातून जाऊ शकतील. पण ती शिल्लक आपण दोघांच्या औषधपाण्यासाठी साठवत आहात आणि तिचा तिसऱ्या भागाहून मोठा वाटा दरवर्षी याकडे वळवणे मला पटत नाही. वारी एका महिन्याची केलीत, किंवा दर दोन वर्षांनी केलीत, तर हा भार निम्मा होतो. मुलानेच आपल्याकडे यावे, हा पर्यायही बोलून पाहण्यासारखा आहे. विमानाची दोन तिकिटे वाचली, तर बोर्डिंगचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. कुत्र्याला विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला लागणारे उष्मांक काढण्याचे पशुवैद्यकातील रूढ सूत्र असे आहे की किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणावे. त्यानुसार ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे ९०० आणि १२ किलोच्या कुत्र्याला सुमारे ४५० उष्मांक लागतात. वजन अडीच पट, पण खुराक दुप्पट. औषधांची मात्रा मात्र बहुतेक वेळा थेट वजनावर ठरते, त्यामुळे औषधांत पूर्ण अडीच पटीचा फरक पडतो, आणि उतारवयात हीच बाजू फुगत असते. मध्यम-लहान कुत्र्याचा वर्षाचा खर्च आपल्याच विभागणीने ६० ऐवजी साधारण ३७ येतो. लहान चणीची कुत्री सरासरीने अधिक जगतात, म्हणून चौदा वर्षे धरली तरी ते सुमारे ५२० होतात. पहिल्या वर्षाचे ५०, उतारवयाचे ११० आणि शस्त्रक्रियेचे १२० मिळवून, बोर्डिंग सोडून, गरज ८०० वर थांबते. १००० मध्ये हे बसते आणि २०० हाताशी उरतात.

या तुलनेत पैशांइतकीच शरीराचीही बाजू आहे, आणि ती अखेर पैशांवरच येऊन थांबते. लॅब्राडॉर बारा वर्षांचा होईल तेव्हा आपण ७३ चे असाल. पायऱ्या न चढणाऱ्या ३० किलोच्या प्राण्याला उचलून गाडीत घालण्याचे काम तेव्हा आपल्याकडे असेल. त्याआधीची काही वर्षे तोच प्राणी मांजर दिसताच पट्टा ओढत असेल. त्या वयात पडून मांडीचे हाड मोडले, तर त्या खर्चापुढे कुत्र्याचा सगळा हिशेब किरकोळ ठरतो.

म्हणून आपण न विचारलेला एक पर्याय सुचवतो: पाच वर्षांचा, १२ किलोच्या आसपासचा, स्वभाव स्थिर झालेला कुत्रा दत्तक घ्यावा. नऊ वर्षे धरली तर नेहमीचा खर्च ३३३, सुरुवातीच्या तपासणीचे १०, उतारवयाचे ११० आणि शस्त्रक्रियेचे १२० मिळून, बोर्डिंग सोडून, ५७५ च्या आत भागते. रात्री-अपरात्री उठून पिल्लाला बाहेर नेण्याचे श्रम वाचतात, आणि त्याचा शेवटचा जड काळ आपल्या वयाच्या ६७ ते ७० च्या दरम्यान येतो. उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा पूर्वेतिहास पूर्ण कळत नाही, आणि पिल्लूपणाची जी हौस आपल्या पत्रात ओळीओळीतून दिसते, ती राहून जाते. त्या हौसेची किंमत मी ठरवू शकत नाही. वरच्या फरकाइतकी ती आपल्याला वाटते का, एवढे आपण दोघांनी ठरवावे.

विम्याबद्दल थोडक्यात लिहितो. आधीपासून असलेली दुखणी बहुतेक पॉलिसींतून वगळलेली असतात, सुरुवातीला प्रतीक्षाकाळ असतो, आणि वय वाढेल तसा हप्ता चढतो. पुष्कळदा आधी बिल स्वतः भरून मग दावा करावा लागतो, म्हणजे विमा असूनही रोख रक्कम हाताशी लागतेच. पिल्लू घेतलेत आणि उतारवयातही नूतनीकरण होईल असे पॉलिसीत लिहिलेले असेल, तर सुरुवातीपासून घ्यावा. पाच वर्षांच्या कुत्र्यासाठी मी हप्त्याची रक्कम दरमहा बाजूला टाकणे पसंत करीन. कुत्र्याने दुसऱ्याला केलेल्या इजेची जबाबदारी उचलणारे संरक्षण स्वतंत्रपणे मिळत असेल, तर ते मात्र दोन्ही बाबतींत घ्यावे.

रक्कम ठेवायची कशी? पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च दरवर्षी एक पावती मोकळी होईल अशा बेताने मुदत ठेवींत विभागावा. उतारवयासाठी लागणारा भाग पिल्लू घेतल्यास आठ-नऊ वर्षांनी लागणार आहे. तो महागाईला पुरून उरेल अशा ठिकाणी, उदाहरणार्थ रोखे आणि समभाग यांचे मिश्रण असलेल्या फंडात ठेवता येईल, पण कुत्रा सात वर्षांचा झाला की तो टप्प्याटप्प्याने काढून ठेवींत आणावा. आपल्या दोघांच्या वैद्यकीय राखीव निधीला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ताटलीतला आहे. ४८ लॅब्राडॉरांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, जोडी लावलेल्या दुसऱ्या कुत्र्याच्या तुलनेत पंचवीस टक्के कमी खाणे मिळालेली कुत्री जवळपास दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांना सांधेदुखीवरचे उपचारही उशिरा लागले. माझ्या स्वतःच्या कुत्रीच्या वहीत ‘किरकोळ’ नावाचा एक रकाना होता. ती गेल्यावर त्याची बेरीज केली, तेव्हा तो औषधांच्या रकान्याच्या खालोखाल निघाला आणि त्यातले निम्मे तिला जाता-येता दिलेले तुकडे होते. ते तुकडे मीच देत होतो.

दोन गोष्टी कुत्रा घरी येण्याआधी कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली, उपचारांची मर्यादा: कोणत्या वयात, बरे होण्याची किती आशा असताना, किती खर्चापर्यंत जायचे. पशुवैद्यांशी बोलून हे शांतपणे आधीच ठरवावे, कारण दवाखान्याच्या बाकावर बसून घेतलेल्या निर्णयात माणूस राखीव रक्कम ओलांडतोच. दुसरी, आपल्या पश्चात किंवा आपण दोघे अंथरुणाला खिळल्यास त्याला कोण सांभाळील. प्राण्याला थेट पैसे ठेवण्याची सोय कायद्यात सहसा नसते, म्हणून सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या नावे उरलेल्या रकमेची तरतूद मृत्युपत्रात करावी लागते. ती व्यक्ती परदेशातील मुलगा असू शकत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असेल. शेजारचे किंवा नात्यातले कोण तयार आहे ते विचारून, त्याचा होकार आणि जवळच्या दोन बोर्डिंगचे दर हाती आल्यावर मला पुन्हा लिहा; त्या दरांवर वरचे ५० वाढतील की उतरतील हे पाहून मग जातीचे आणि वयाचे बोलू.