एका इंजिनाची छोटी विमानं बहुतेक वेळा इंजिन बंद पडल्यामुळेच कोसळतात का?

नाही. इंजिन बंद पडलं तरी सेसना १७२ सारखं छोटं विमान लगेच खाली कोसळत नाही. वारा नसेल तर ३००० फुटांवरून ते जवळजवळ ८ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं.

जीवघेण्या अपघातांत सगळ्यात मोठं कारण म्हणजे विमानावरचा ताबा सुटणं. उतरण्याआधीचं शेवटचं वळण तर फारच दगा देणारं. धावपट्टीची रेषा ओलांडली गेली की वैमानिक घाईने रडर (शेपटीवरचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) दाबतो, विमानाचं नाक वर ओढतो. वेग आधीच कमी असतो. पंख स्टॉल होतो, म्हणजे विमान उचलून धरण्याची त्याची ताकद एकदम घटते, विमान गिरकी घेतं आणि सावरायला उंचीच उरत नाही. उंची न सोडता ६० अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो, हे शिकाऊ वैमानिकाला तोंडपाठच हवं.

दुसरं कारण, ढगात किंवा धूसर अंधारात शिरणं. जुलै १९९९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर रात्री समुद्रावर दिशाभान हरपून पायपर साराटोगा या छोट्या विमानासह कोसळले. यांत्रिक बिघाडाचा पुरावा मिळाला नाही.

आणि इंजिन बंद पडतं तेही अनेकदा टाळता येण्यासारखं असतं: टाकी रिकामी, इंधनात पाणी, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ. दमट हवेत बाहेर २० अंश सेल्सियस असतानाही तो धरतो, म्हणून कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) वेळेत ओढायची.